खानदेशांतील इतिहासमंडळें व स्थलनिर्देशाचें महत्त्व

जिल्ह्याच्या गांवीं इतिहाससंशोधनाचें स्वतंत्र मंडळ कशासाठीं असावें, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे विद्येचे द्वेष्टे असतात असें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, पुणें व मुंबई येथें मोठ्या संस्था आहेत, केंद्र व राज्य सरकारांचीं पुरातत्त्वखातीं आहेत, हस्तलिखितांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकावर साठविण्याची सोय झाली आहे. मग धुळ्यास किंवा जळगांवास वेगळें कपाट, वेगळी यादी व वेगळें त्रैमासिक यांचा खटाटोप कशाला? ह्या आक्षेपाचें उत्तर भावनेच्या भरांत देऊं नये. स्वप्रांताचा अभिमान चांगला खरा, परंतु अभिमान हें प्रमाण नव्हे. आमच्या मतें ह्या मंडळांचें एक कार्य असें आहे कीं, तें दुसऱ्या कोणासही त्यांच्याइतकें चांगलें साधणार नाहीं. जुन्या वस्तूचा तिच्या स्थळाशीं असलेला संबंध तुटूं न देणें, हें तें कार्य होय. त्याचें महत्त्व खानदेशांतीलच उदाहरणांनीं दाखविण्याचा आमचा मानस आहे.

चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटणें म्हणून स्थान आहे. तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिला व पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें त्याची शुद्ध वाचना ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत दिली. लेखांत शके ११२८ चा निर्देश आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचें व घराण्यांतील इतर ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेव व त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यांनीं त्या मठास उत्पन्न लावून दिलें. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ ह्याच लेखांत असल्यामुळें भास्कराचार्यांच्या घराण्याची खात्रीलायक माहिती आपणांस मिळते. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत असून शेवटीं उत्पन्नाच्या बाबी मराठींत सांगितल्या आहेत. बाजारांत जो माल विक्रीस उघडला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाकडे जाणारा हक्क मठास दिला, घाण्यांमागें पळी पळी तेल दिलें, असा हा रोखठोक व्यवहार आहे. पंडितांची कीर्ति देवभाषेंत आणि तेल्याचें देणें लोकभाषेंत, ही वांटणी मोठी बोधप्रद आहे. कारण ज्यांनीं द्यावयाचें त्यांस तें समजलें पाहिजे, हें त्या काळच्या कारभाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें.

आतां ह्या लेखांतील दोन शब्दांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. चांगदेवाचा पिता लक्ष्मीधर याची विद्वत्ता पाहून राजा जैत्रपाल यानें त्यास नेलें व पंडितांचा अग्रणी केलें, असें लेख सांगतो. त्यास कोठून नेलें? ‘ह्या पुरांतून’. तसेंच मराठी भागाचा आरंभ ‘इया पाटणीं’ म्हणजे ‘ह्या पाटणांत’ अशा शब्दांनीं होतो. व्याकरण शिकविणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, ‘इदम्’ हें सर्वनाम जवळच्या वस्तूचें वाचक आहे. ‘तद्’ परोक्ष वस्तूचें. ‘हें’ म्हणण्यास बोलणाराचें बोट लागतें. शिलालेखाचें बोट म्हणजे तो जेथें उभा आहे ती जागा. ती जागा माहीत असली तर ‘ह्या पुरांतून’ ह्या शब्दांस अर्थ आहे. नसली तर व्याकरण शुद्ध असूनही वाक्य मुकें आहे. ‘पाटण’ ह्या नांवानें तर कांहींच निश्चित होत नाहीं. पाटण म्हणजे पेठ, नगर. ह्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत व गुजरातेंत किती तरी आहेत. समजा, हीच शिला कोणी वाटसरूनें उचलून दूरच्या शहरीं नेली असती आणि शंभर वर्षांनंतर ती एखाद्या संग्रहांत ‘दक्षिणेंतील शिलालेख’ एवढ्याच चिठ्ठीसह सांपडली असती, तर अक्षर न् अक्षर वाचूनही लक्ष्मीधराचें पुर कोणतें हें कोणास सांगतां आलें नसतें.

हा प्रश्न किरकोळ नाहीं. भास्कराचार्य शके १०३६ त जन्मले आणि शके १०७२ त त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला. आपलें गांव सह्य पर्वताजवळचें विज्जडविड असें ते स्वतः सांगतात. तें विज्जडविड कोणतें, याविषयीं विजापूर, बीड, पाटणें अशीं नाना मतें झालीं व वाद अद्यापि मिटलेला नाहीं. पाटण्याच्या लेखावरून विज्जडविड म्हणजे पाटणेंच असें म्हणणें घाईचें होईल. परंतु भास्कराचार्यांचा पुत्र ह्या ठिकाणाहून राजसभेंत गेला आणि नातवानें ह्याच ठिकाणीं मठ घातला, एवढें निर्विवाद आहे. आणि तें निर्विवाद राहिलें तें शिला स्वस्थानीं सांपडली म्हणून.

ह्याच चाळीसगांव तालुक्यांत गिरणेच्या कांठीं बहाळ गांव आहे. तेथें शके ११४४ चा लेख आहे. भास्कराचार्यांचे बंधु श्रीपति, त्यांचा पुत्र गणपति, त्याचा पुत्र अनंतदेव. हा अनंतदेव सिंघण राजाचा ज्योतिषी होता व त्यानें बहाळ येथें देवीचें देऊळ बांधिलें, असें त्यांत आहे. ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतांतील एका अध्यायावर व वराहमिहिराच्या बृहज्जातकावर त्यानें टीका केल्या होत्या. म्हणजे एका भावाचा नातू पाटण्यास, दुसऱ्या भावाचा नातू बहाळास. दोघेही एकाच राजाचे ज्योतिषी, आणि दोन्ही लेखांमध्यें जेमतेम सोळा वर्षांचें अंतर. त्याच तालुक्यांत वाघळी येथें शके ९९१ चा लेख असून त्यांत मौर्य कुळांतील गोविंदराज व यादव राजा दुसरा सेउणचंद्र यांचीं नांवें आहेत. हे तीन दगड तीन वेगवेगळ्या शहरांतील संग्रहांत पडले असते, तर तीन निबंध झाले असते. ते एका तालुक्यांत आहेत हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका विद्याकुलाचा व त्याला पोसणाऱ्या सामंतांचा सलग इतिहास दिसूं लागतो. असें एकत्र पाहणें हें तालुका पायांखालीं घालणाऱ्या माणसाचें काम आहे.

स्थळाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे नामसादृश्यानेंही घोटाळे होतात. तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे व तेथें जुनें भव्य देऊळ आहे. लोकपरंपरा ह्या गांवाचा संबंध ज्ञानेश्वरकालीन योगी चांगदेव यांच्याशीं जोडते. पाटण्याचा ज्योतिषी चांगदेव निराळा. तो ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या कितीतरी आधीं मठ स्थापून बसला होता. दोघांचीं नांवें एक, दोघांचीं स्थानें आजच्या जळगांव जिल्ह्यांतच, आणि दोघेही यादवकालाचे. टांचणावर नुसतें ‘चांगदेव, खानदेश’ असें लिहिणारा मनुष्य पुढील अभ्यासकास खड्ड्यांत लोटतो. गांव, तालुका व नदी इतकें लिहिलें म्हणजे भ्रमास जागा उरत नाहीं.

जी गोष्ट शिलांची तीच भूमिगत अवशेषांची. तेथें फक्त ‘स्थळा’च्या जोडीला ‘थर’ येतो. स्वातंत्र्यानंतर खानदेशांत महत्त्वाचीं उत्खननें झालीं. बहाळ येथें १९५२-५३ सालीं म. न. देशपांडे यांनीं, तापी व गोमई यांच्या संगमावरील प्रकाशें येथें १९५४-५५ सालीं बा. कृ. थापर यांनीं, आणि पाटण्यास १९७२-७३ सालीं शां. अ. साळी यांनीं खोदकाम केलें. पाटण्याच्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे व त्यांचे मणी निघाले. एका तुकड्यावर तर कोरलेल्या रेघांची नक्षी आहे. ते सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचे ठरले. आज ज्या प्रदेशांत शहामृगाचें नांवही कोणी घेत नाहीं तेथें तो पक्षी होता, आणि त्याच्या कवचावर नक्षी काढणारा मनुष्यही होता, हें ह्या नखाएवढ्या तुकड्यानें सिद्ध केलें. पण तो तुकडा जर नदीकांठच्या एखाद्या मुलानें उचलून खिशांत घातला असता, तर तें एक फुटकें कवच एवढीच त्याची किंमत होती. थरानें त्याला काळ दिला आणि स्थळानें अर्थ दिला.

कागदांकडे वळलों म्हणजे धुळ्याच्या दोन संस्थांचा विचार क्रमानेंच येतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थसंप्रदायाच्या मठामठांतून हस्तलिखितें मिळविण्याचें व्रत घेतलें. त्यांच्या परिश्रमांतून उभा राहिलेला संग्रह धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत आहे. समर्थांच्या हातचें मानलें जाणारें वाल्मीकिरामायणाचें हस्तलिखित तेथेंच जतन केलेलें आहे. देवांनीं प्रसिद्ध केलेल्या दासबोधाचें वजन कशावर होतें? ती प्रत डोमगांवच्या मठांतील, समर्थांचे लेखक-शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची, ह्या गोष्टीवर. आजही अभ्यासक तिला ‘डोमगांवची प्रत’ म्हणतात. ग्रंथाच्या नांवाला गांवाचें नांव चिकटून राहिलें आहे. मठ, परंपरा व प्रत यांची सांखळी अखंड दाखवितां आली, म्हणून त्या पाठास मान मिळाला.

दुसरी संस्था राजवाडे संशोधन मंडळ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत ते अग्रेसर होते. आणि आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास येऊन राहिले. तेथेंच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षीं भास्कर वामन भट प्रभृति त्यांच्या चाहत्यांनीं हें मंडळ काढिलें. राजवाड्यांचे कागद, खानदेशांतून मिळालेल्या मूर्ति, नाणीं, ताम्रपट व पोथ्या यांचा सांठा त्यानें केला, ‘संशोधक’ हें त्रैमासिक चालविलें, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत राजवाड्यांचें समग्र साहित्य तेरा खंडांत छापून आपल्या नांवाचें ऋण फेडिलें.

राजवाड्यांविषयीं आदर बाळगूनही एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. बीडजवळील पाटांगण येथें त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती मुकुंदराजांच्या परंपरेंतील व अत्यंत प्राचीन आहे असा त्यांचा अभिप्राय होता. तिच्यावरून त्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापिली व तिच्या भाषेचें व्याकरणही लिहिलें. छापील ग्रंथ आपल्या हातीं आहे, मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाहीं. परिणाम असा झाला कीं, त्या पोथीचें वय काय, तिच्यांतील रूपें खरोखर तितकीं जुनीं कीं मागून कोणी जुनीं केलेलीं, याविषयींच्या वादांत पक्ष-प्रतिपक्ष दोघेही छापील पानाकडे बोट दाखवितात. कागद, शाई व अक्षरवळण पाहून निकाल देण्याचा मार्ग बंद झाला. छापलें म्हणजे जतन झालें, ही समजूत किती अपुरी आहे याचें ह्याहून बोलकें उदाहरण मराठींत सांपडणार नाहीं. छायाचित्र घेतलें म्हणजे काम संपलें असें समजणाऱ्या आजच्या उत्साही मंडळींनींही तें ध्यानीं धरावें.

अशीं जिल्हामंडळें ही कांहीं आपलीच नवलाई नाहीं. इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील लुइस गांवीं १८४५ सालीं लोहमार्गासाठीं जुन्या मठाच्या जागेंतून खोदकाम चाललें असतां, मठाच्या संस्थापक दांपत्याच्या अस्थि ठेवलेल्या शिशाच्या पेट्या सांपडल्या. मजुरांच्या कुदळीखालीं आणखी काय काय जाईल या काळजीनें परगण्यांतील लोक एकत्र आले व १८४६ सालीं त्यांचें पुराणवस्तुमंडळ स्थापन झालें. लंडनास पुराणवस्तुशोधकांची मोठी सभा शतकापूर्वींच झालेली होती. तरी ससेक्सकरांस आपली निराळी मंडळी लागली, कारण कुदळ ज्या दिवशीं पडते त्या दिवशीं लंडनचा पंडित तेथें नसतो. आपल्याकडेही कुदळ थांबलेली नाहीं. तिच्या जागीं यंत्र आलें एवढेंच. महामार्ग, कालवे, विटांसाठीं पांढरीची माती नेणें, आणि भाविकांनीं केलेले जीर्णोद्धार यांनीं जुनीं चिन्हें दररोज पुसलीं जात आहेत. शेंदुराचीं पुटें, तैलरंग व गुळगुळीत फरशा यांखालीं अक्षरें गाडलीं जातात, आणि तीं गाडणारा मनुष्य श्रद्धेनेंच तें करितो. त्याला वेळीं जाऊन समजावणें हें दूरच्या कचेरीस साधत नाहीं. तेथें ओळखीचा माणूस लागतो.

शिवाय राज्यकर्त्यांच्या सीमाही स्थिर नसतात. एका खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; पुढें त्यांचीं नांवें जळगांव व धुळें अशीं झालीं; १ जुलै १९९८ पासून धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. एदलाबादचें मुक्ताईनगर झालें. म्हणून ज्या जुन्या चिठ्ठीवर ‘पश्चिम खानदेश’ एवढेंच लिहिलें आहे ती वस्तु धुळ्याची कीं नंदुरबारची, हें सांगणें कठीण. प्रकाशें थापरांनीं खणलें तें पश्चिम खानदेशांत; आज तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. पाटण्याच्या डोंगरापलीकडचीं पितळखोऱ्याचीं लेणीं तर आज छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत मोडतात. पण घाटानें जाणाऱ्या जुन्या प्रवाशास तो एकच मार्ग होता. जिल्ह्याचें नांव बदलतें, नदीचा संगम बदलत नाहीं. टांचण करितांना आधार कशाचा घ्यावा हें यावरून कळेल.

आतां आमच्या वाचकांतील संग्राहकांस चार शब्द. मोठ्या संग्रहालयांत वस्तु अधिक सुरक्षित राहते, हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. वाळवी, पूर व गांवकी यांपासून पोथी वांचवावयाची तर ती कित्येकदां हलवावीच लागते. घरांतील म्हातारीं माणसें गेलीं म्हणजे दप्तरें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात, आणि अशा वेळीं पदरचे पैसे घालून तीं सोडविणारा संग्राहक हा इतिहासाचा उपकारकर्ताच होय. १९७२ चा पुरावस्तुकायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस व पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांस लागू आहे व तो पाळलाच पाहिजे. परंतु कायदा वस्तूला देशाबाहेर जाण्यापासून आडवितो, ती कोठून आली हें तिच्यावर लिहून ठेवीत नाहीं. तें काम संग्राहकाचें. पोथी ज्या दिवशीं हातीं येते त्या दिवशीं तिचा इतिहास सांगणारा मनुष्य समोर उभा असतो. दहा वर्षांनीं तो नसतो, आणि आपली स्मृतिही तितकी विश्वासू राहत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक मंडळानें गांववार वही ठेवावी. तींत गांव, तालुका, जवळची नदी, देऊळ असल्यास कोणत्या भिंतींत व कोणत्या दिशेस लेख आहे, पोथी असल्यास कोणत्या घराण्यांतील व त्या घराण्याचें मूळ गांव कोणतें, कोणी व कोणत्या तारखेस पाहिली, इतकें लिहावें. दप्तर उघडतांना कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. रुमाल व त्यावरील खूण फेंकूं नये, कारण एकत्र बांधलेले कागद एकमेकांचे साक्षीदार असतात. पोथीच्या पुष्पिकेची नक्कल आधीं करावी. लेखनाचा शक, लेखकाचें नांव व गांव बहुधा तेथेंच असतें. शिलालेखाचा ठसा ओल्या कागदावर घ्यावा व एक प्रत त्याच गांवच्या शाळेंत ठेवावी, म्हणजे गांवच्या मुलांस आपल्या दगडाची ओळख होईल व उद्यां त्यावर रंग फासूं पाहणाराचा हात तींच धरतील. वस्तु विकत घेणाऱ्यानें विकणाराचें नांव गुप्त ठेवावयाचें असल्यास ठेवावें, गांवाचें नांव मात्र गुप्त ठेवूं नये.

खानदेशांत अद्यापि न पाहिलेलीं दप्तरें आहेत, न वाचलेले दगड आहेत. ते वाचणारे पंडित कधीं तरी निपजतील. विद्वत्तेस काळाची मर्यादा नाहीं. परंतु वस्तूचें स्थळ एकदां हरवलें म्हणजे कितीही थोर पंडित तें परत आणूं शकत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहांत गांवाची नोंद नसलेल्या पोथ्या असतील, त्यांनीं त्या ज्यांच्याकडून आल्या तीं माणसें हयात आहेत तोंवरच विचारपूस करून नोंद करावी आणि तिची एक नक्कल जवळच्या मंडळाकडे धाडावी, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.